लाजाळूने रक्त थांबलं, पण ते येत होतं कुठून?

पत्र : ताई, माझे मिस्टर ५४ वर्षांचे आहेत. सात-आठ महिने झाले, शौचाच्या वेळी रक्त पडतं. पोट साफ होत नाही, फार कुंथावं लागतं. मूळव्याध असणार असं आम्ही धरून चाललोय, पण दाखवायला जायला ते तयार नाहीत. ऑफिसच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघालं म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत. मोठ्या जाऊबाईंनी सांगितलं म्हणून कुंडीतल्या लाजाळूच्या पानांचा रस दुधातून अनशापोटी १५ दिवस दिला, आणि खरंच रक्त जवळजवळ थांबलं. आता पुढे चालू ठेवू का? लेकीला पाळीत खूप अंगावरून जातं, ती बाळासाठी प्रयत्न करतेय, तिलाही हाच रस चालेल का? मुलगा म्हणतो ऑनलाइन लाजाळूच्या बियांच्या कॅप्सूल मिळतात, त्याने पोटातले जंत पडतात, त्या घ्याव्यात का? - एक वाचक

उत्तर :

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना ते "रक्त जवळजवळ थांबलं" हे वाक्य आलं तिथे मी थांबले. तुम्हाला ते वाचून हायसं वाटलं असणार, मला मात्र काळजी वाटली, आणि का वाटली ते मी नीट सांगते, कारण तुम्ही काही चुकीच्या बाईचं ऐकलं असं अजिबात नाही. जाऊबाईंचं म्हणणं खरं आहे, लाजाळू रक्त थांबवते. प्रश्न तो नाहीच. रक्त कशातून येत होतं हे आपल्यापैकी कुणीच अजून बघितलेलं नाही, ना तुम्ही, ना डॉक्टरांनी, ना मिस्टरांनी स्वतः, आणि आता जी एक खूण दिसत होती तीही आपण झाकून टाकली, हे मला खटकतंय.

आधी रस बंद करा. आजपासून. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता लाजाळू काम कशी करते ते सांगते म्हणजे मी असं का म्हणतेय ते कळेल. ही तुरट वनस्पती आहे. कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ कशी ओढल्यासारखी होते, तोंड कोरडं पडतं, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन नावाचे पदार्थ. टॅनिन प्रथिनांना पकडतं आणि घट्ट करतं. लाळेतल्या प्रथिनांना पकडलं की जीभ खरखरीत लागते, जखमेवर लावलं की वरचा थर आवळून बसतो आणि बारीक रक्तस्राव थांबतो, आतड्याच्या आतल्या अस्तराला लागलं की तिथला स्राव कमी होतो म्हणून जुलाबात आराम पडतो. हिरड्याने आणि बाभळीच्या सालीने कातडं कमावतात ना, तेही हेच टॅनिन, कातड्यातल्या प्रथिनांना पकडून कातडं टिकाऊ करतं. आपल्याकडे याला स्तंभन म्हणतात, म्हणजे वाहणारं थांबवणं. लाजाळूचे गुण भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात दिलेत ते असेच, थंड, कडू, तुरट, कफ-पित्त कमी करणारी, आणि रक्तपित्त म्हणजे अंगातून रक्त वाहण्याचे विकार, अतिसार म्हणजे जुलाब, योनिरोग यांत उपयोगी. म्हणजे जाऊबाईंनी सांगितलं ते ग्रंथालाही धरून आहे.

बऱ्याच जणांना वाटतं की हात लावला की पानं मिटतात, म्हणून ती मूळव्याधीचे मोडसुद्धा तसेच आकसवून टाकते. नाही हो. पानं मिटतात ती देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर गाठीतल्या पेशींमधून पाणी एकदम बाहेर पडतं म्हणून, तिथली ताठरता गेली की पान खाली येतं आणि थोड्या वेळाने पाणी परत भरलं की उघडतं. जगदीशचंद्र बोसांनी यावर किती बारकाईने प्रयोग केले होते, मला त्या झाडाचं आजही कौतुक वाटतं, कुंडीतलं रोप दिसलं की हात लावल्याशिवाय मी पुढे जात नाही. पण त्या मिटण्याचा आणि औषधाचा संबंध नाही, औषधाचं काम टॅनिनचं.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना की हजारो वर्षांपासून आपले ऋषी ही वापरत होते, ते पण जरा जपून. चरक-सुश्रुतांत समंगा हे नाव येतं, पुढे ते लाजाळूला लावलं गेलं, पण आपल्या कुंडीतली ही लाजाळू, मिमोसा पुडिका, मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली आहे. म्हणजे ती आपल्याकडे आली असणार कोलंबसाच्या प्रवासानंतर, साहजिकच त्या जुन्या ग्रंथांतली समंगा वेगळी वनस्पती असली पाहिजे, मंजिष्ठेलाही समंगा म्हणतात. शिवाय स्पर्शाने पानं मिटणारी दुसरी एक छोटी पिवळ्या फुलांची वनस्पती आपल्याकडे आहेच. याने लाजाळूचा गुण कमी होत नाही, फक्त "हजारो वर्षं वापरात आहे म्हणजे निर्धोक" असं म्हणून डोळे मिटून घेता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. चरकांनी मूळव्याधीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की मोडातून सुरुवातीला येणारं दूषित रक्त घाईने अडवू नये, जो अडवतो तो पुढे अनेक रोग ओढवून घेतो. अशक्त रोगी असेल, रक्त फार जात असेल तर ताबडतोब थांबवायचं, तो अपवाद. पण स्तंभन ही पहिली पायरी नाही. अतिसारातही तेच, आम म्हणजे न पचलेला दोष पोटात असताना आधी थांबवायचं नाही. म्हणजे बघा, घरगुती उपाय सांगणारे सगळे "रक्त थांबवते" एवढंच सांगतात आणि कधी थांबवायचं नाही हा अर्धा भाग वाटेत गळून पडतो. मी वीसेक वर्षं वैद्यकी करतेय आणि मला हाच गळलेला अर्धा भाग लोकांपर्यंत पोचवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आजच्या भाषेत सांगायचं तर शौचातून रक्त येण्याची कारणं भरपूर असतात. मूळव्याध असेल तर सहसा ताजं लाल रक्त, शौच झाल्यावर थेंब थेंब किंवा पिचकारीसारखं, आणि दुखत नाही. कापल्यासारखं दुखत असेल तर ती चीर, फिशर. रक्त मळात मिसळून येत असेल, आधीसारखी सवय राहिली नसेल म्हणजे कधी बद्धकोष्ठ कधी पातळ, वजन कमी होत असेल, मळाची जाडी बारीक झाली असेल, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर मोठं आतडं आतून बघावंच लागतं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला महिनोन्‌महिने रक्त जातंय आणि त्याचं हिमोग्लोबिन ९.४ आहे, पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की त्याला अ‍ॅनिमिया म्हणतात, मग हे मूळव्याधीने झालं असेलही, बऱ्याचदा मूळव्याधच निघते, पण न बघता तसं धरून चालणं मला मान्य नाही. आतड्यात एखादी गाठ असली तर तिचं रक्तही कधी येतं कधी थांबतं. आणि रस पोटात जाऊन रक्त थांबलं म्हणून गाठ कुठे जात नाही.

तुम्हाला घाबरवत नाहीये ताई. मनापासून सांगतेय. अगदी सोप्या दोन मिनिटांच्या तपासणीत मोड आहेत का ते कळतं, बोटाने आणि छोट्या नळीने बघतात, प्रॉक्टोस्कोपी म्हणतात त्याला. वय आणि हिमोग्लोबिन बघता डॉक्टर बहुधा कोलोनोस्कोपीही सांगतील, त्याच्यासाठी आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, तोच भाग जरा कंटाळवाणा, तपासणी करताना झोपेचं औषध देतात त्यामुळे फारसं काही कळत नाही.

मिस्टर तयार नाहीत हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण खरी अडचण तीच आहे असं मला वाटतं. माझ्याकडे येणाऱ्या पुरुषांपैकी कितीतरी जण आधी बायकोला पाठवतात, "औषध घेऊन ये, मी येत नाही" म्हणून. त्यांना लाज वाटते, आणि मग भीती वाटते की काही भलतं निघालं तर. तुम्ही त्यांना "चला तपासून घेऊ" म्हणू नका, त्याला ते नाहीच म्हणणार. असं म्हणून बघा की हिमोग्लोबिन ९.४ आहे, गोळ्या घेऊन वाढतंय का बघायला परत रक्त तपासायचं आहे, त्याच चकरेत डॉक्टरांना सगळं सांगू. आणि डॉक्टरांना तुम्ही स्वतः सांगा, रक्त किती महिन्यांपासून, किती, आणि लाजाळूचा रस किती दिवस दिला. रस दिला होता हे लपवू नका, कुणी रागावलं तर रागावू दे. रक्त पातळ करायची किंवा हृदयाची काही गोळी चालू असेल तर तेही सांगा, ती स्वतःहून बंद करू नका.

दुसरी गोष्ट तुमच्याच पत्रात दडलीय. त्यांचं पोट साफ होत नाही, कुंथावं लागतं. अहो, मूळव्याध असेल तर तिचं मूळच ते आहे. आणि तुरट औषध स्राव कमी करतं, मळ आणखी सुकवतं, बांधून ठेवतं. म्हणजे एका हाताने रक्त थांबवायचं आणि दुसऱ्या हाताने रक्त यायचं कारण वाढवायचं. आमच्या काकूचं असंच झालं होतं. तिने कुणाच्या तरी सांगण्यावरून दीड महिना लाजाळू घेतली, रक्त थांबलं म्हणून खूष होती, आणि मग मळ इतका खडा झाला की चीर पडली, बसता येईना, त्या चिरेचं दुखणं आधीच्या मूळव्याधीपेक्षा कितीतरी वाईट होतं. मी तेव्हा शिकत होते, पुस्तकात कषाय रस मलावष्टंभ करतो, म्हणजे तुरट चव मळ अडवते, हे पाठ केलेलं होतं आणि समोर काकू रस घेत होती तरी मला ते जोडता आलं नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे तुम्हाला इतकं लांबण लावून सांगतेय.

गंमत अशी की हिरडाही तुरटच, पण तो पोट साफ करतो, खाली सारतो, म्हणून वैद्य मूळव्याधीत हिरडा विचार करून देतात आणि नुसती लाजाळू महिनाभर कुणी देत नाही. तुरट म्हणजे सगळं एकाच पारड्यात तोलायचं नसतं. ताकाचं चरकांनी मूळव्याधीत केलेलं कौतुकही त्याच प्रकरणात आहे, ते पथ्य म्हणून तुम्ही निर्धास्त देऊ शकता, पचत असेल तर.

तोपर्यंत काय करायचं तर मळ मऊ ठेवायचा. पाणी, भाज्या, फळं, आणि रात्री इसबगोल भरपूर पाण्याबरोबर, पाणी कमी पडलं तर इसबगोलच घट्ट होऊन बसतो हे लक्षात ठेवा. शौचाला मोबाइल घेऊन बसायचं नाही, पाच मिनिटांत नाही झालं तर उठायचं. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसायचं, शौचानंतर आणि रात्री. तुमच्या लाजाळूचा उपयोग इथे करता येईल बघा, मूठभर पंचांग म्हणजे मूळ-खोड-पान-फूल-शेंगा सगळं स्वच्छ धुऊन पाण्यात चांगलं उकळून, गाळून ते पाणी टबात घालायचं, बाहेरून वापरायला हरकत नाही. आग झाली, पुरळ आलं तर मात्र सोडून द्या. आणि मधल्या काळात खूप रक्त गेलं, चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा काळं डांबरासारखं शौचाला झालं तर वाट बघायची नाही, सरळ दवाखान्यात. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळसर होतो, त्याने दचकू नका, पण चिकट, चकचकीत आणि घाण वास असलेलं काळं वेगळं असतं.

लोहाच्या गोळ्यांवरून आठवलं, टॅनिन लोहालाही पकडतं. सकाळी अनशापोटी रस आणि त्याच सुमारास गोळी असं चाललं असेल तर गोळीतलं बरंचसं लोह अंगी लागलं नसण्याची शक्यता आहे. आता रस बंदच आहे, पण चहाचंही तेच, चहा आणि लोहाची गोळी यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवा. बऱ्याच घरांत गोळी चहाबरोबरच घेतात आणि मग महिन्या-दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन वाढत नाही म्हणून डॉक्टर बदलतात.

आता लेकीचं. तिला हा रस देऊ नका, एक चमचाही नाही. ग्रंथात योनिरोगात लाजाळू आहे, अंग बाहेर येण्यावर आणि अंगावरून जाण्यावर ती वापरली गेलीय, खरं आहे. पण ती बाळासाठी प्रयत्न करतेय, आणि उंदरांना लाजाळूच्या मुळाचं चूर्ण आणि अर्क देऊन केलेल्या प्रयोगांत पाळीचं चक्र आणि बीज सुटणं बिघडलेलं दिसलंय. उंदीर म्हणजे माणूस नाही, कबूल. शिवाय या वनस्पतीत मिमोसिन नावाचा एक पदार्थ असतो, जो पेशींची वाढ अडवतो, सुबाभळीच्या पाल्यातही तोच असतो आणि तो पाला जास्त खाल्ला की जनावरांचे केस गळतात. ज्या पोरीला दिवस राहिलेत की नाही हेच अजून माहीत नसेल तिला मी पोटातून असलं काही देणार नाही. तिचं आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग सोनोग्राफी, थायरॉइड, हिमोग्लोबिन, एवढं बघून घ्या. तासाला एक पॅड भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, पाळी आठवड्याच्या वर जात असेल तर पुढच्या पाळीची वाट न बघता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ असेल, थायरॉइड असेल, प्रत्येकाचं औषध वेगळं, आणि यातलं बरंचसं बरं होतं, त्यामुळे तिला धीर द्या.

कॅप्सूलवाल्या मुलाला सांगा की नको. लाजाळूच्या बिया पाण्यात भिजल्या की फुगतात आणि त्यांचा चिकट गर होतो, सब्जासारखं. व्हिडिओत जे दोऱ्या-दोऱ्यांसारखं पडलेलं दाखवतात ते बहुतेक त्याच बियांचा गर आणि आतड्यातला चिकट स्राव असतो, जंत नव्हे. माणसांवर नीट चाचणी होऊन जंत पडतात असं सिद्ध झालेलं नाही. जंतांची शंका असेल तर शौचाची तपासणी करा, अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, साधं आहे. आणि ज्यांचं पोटच साफ होत नाही अशा तुमच्या मिस्टरांना फुगणाऱ्या बियांच्या कॅप्सूल तर मुळीच नको.

एक जाता जाता, विचारलं नाहीये तरी. लाजाळूचं मूळ सापाच्या विषावर चालतं असंही कुणीतरी सांगेल. नागाच्या विषावर प्रयोगशाळेत काम झालंय, परीक्षानळीत आणि उंदरांत मुळाच्या अर्काने विषाचा जोर कमी झालेला दिसलाय. पण साप चावल्यावर मूळ उगाळत बसायचं नाही, एक मिनिटही नाही. हात-पाय हलू न देता हॉस्पिटल गाठायचं, तिथे अँटिव्हेनम म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शन मिळतं, त्याला पर्याय नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण उगाळण्यात अर्धा-पाऊण तास गेला आणि माणूस गेला असं मी बघितलंय.

मग लाजाळू कधी वापरायची? बारीक खरचटलं, भाजी चिरताना बोट कापलं, तर जखम धुऊन, पानं धुऊन वाटून लेप लावा, आमची आजी हेच करायची. जखम खोल असेल, मातीची असेल तर लेप नको, धनुर्वाताचं इंजेक्शन. साध्या जुलाबात वैद्य काढा देतात, पण जुलाबात पहिलं औषध म्हणजे पाणी आणि क्षार, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या छोट्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, मग बाकीचं. ताप असेल, रक्त-आव पडत असेल तर थांबवायचं औषध अजिबात नाही. पोटातून काढा घ्यायचा तर रोग बघून, वैद्याने मात्रा ठरवून, थोडे दिवस. गरोदर बाई, दूध पाजणारी आई, लहान मुलं यांना नको. आणि रस्त्याकडेची उपटून आणू नका, तिथे तणनाशक मारलेलं असतं, शिवाय तशीच दिसणारी पण चौकोनी खोडाची, वाकड्या काट्यांची दुसरी मिमोसा असते, ती जनावरांनाही बाधते.

तर आता या आठवड्यात एवढं करा, मिस्टरांची हिमोग्लोबिनची परत तपासणी आणि त्याच दिवशी सर्जनला किंवा पोटाच्या डॉक्टरांना दाखवणं. जाऊबाईंशी भांडू नका, त्यांनी मायेने सांगितलंय, हवं तर हे उत्तर त्यांनाही वाचून दाखवा. तपासणीत मूळव्याधच निघाली तर मला रिपोर्टसकट परत लिहा, मग पथ्य आणि कुठलं औषध किती दिवस ते आपण नीट बोलू, आणि दुसरं काही निघालं तरी लिहा.